पालगडच्या अंगणात मोबाईल

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, एवढं लांब नेलं, एवढा खर्च केला, पण पोराला काही वाटलंच नाही बघा." कोणी भिलारला नेलेलं असतं, पुस्तकांच्या गावाला, कोणी आपल्याच सांगली जिल्ह्यात माडगूळला माडगूळकरांच्या गावी, कोणी रायगडावर. जागा बदलते, तक्रार तीच. आणि मग आवाज खाली आणून पुढचा प्रश्न, आजकालच्या मुलांना भावना उरल्याच नाहीत का हो? हे इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. एका घराची गोष्ट आहे, त्यांना विचारून सांगतीय, ओळख पटेल अशा खुणा बदलल्यात.

सांगलीतलंच कुटुंब. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघणारे, आई शिकवण्या घेणारी, मुलगा आठवीत. मुलाला दाखवायला आणलं होतं. आता 'दाखवायला' म्हटलं की बिघाड पोरात आहे हे घरच्यांनी आधीच धरलेलं असतं, मी तसं कधीच धरत नाही. मी सगळ्यांना एकत्र बसवते, आणि पोराच्या वागण्यात घरातलं न बोललेलं काय दिसतंय ते शोधते. वीसेक वर्षं हेच करत आलेय आणि यावर माझा पक्का विश्वास आहे.

झालं असं होतं की वडिलांनी दिवाळीत गाडी काढली आणि सगळ्यांना पालगडला नेलं, दापोली तालुक्यात, साने गुरुजींच्या जन्मगावी. गुरुजींचं 'श्यामची आई' हे वडिलांचं लहानपणीचं पुस्तक, जवळजवळ पाठ. पहाटे निघाले, पेठ नाका, कराड, पाटण, कोयना, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग खेड, भडंगाचा डबा चिपळूणच्या आतच संपला, सगळे खुशीत. आणि गुरुजींच्या घरापाशी पोचल्यावर मुलगा अंगणात उभा राहून मोबाईल बघत बसला.

"मी सांगतोय इथं श्याम लहानाचा मोठा झाला," वडील म्हणाले, "तर हा मान वर करत नाही ओ. परत येताना कराडपर्यंत मी एक शब्द बोललो नाही कुणाशी."

मुलाला विचारलं, ट्रिप कशी झाली. "चांगली." काय आवडलं? "घाट." वडिलांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघा, असं.

पहिल्या दोन-तीन भेटी अशाच गेल्या. मोबाईल किती तास बघतो, मार्क किती कमी झाले, तेच ते. ते मी सांगत बसत नाही. तिसऱ्या का चौथ्या भेटीत मी मुलाला एक साधाच प्रश्न विचारला, जो तोपर्यंत त्याला कुणीच विचारला नव्हता. "तू मोबाईल बघत होतास तेव्हा पप्पा काय करत होते?"

बराच वेळ तो बोललाच नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी घाई केली की मूल परत आत जातं, आणि आईवडील तर मधेच त्याचं उत्तर स्वतः द्यायला लागतात, म्हणून मी हातानंच दोघांना थांबवलं.

मग तो म्हणाला, "रडत होते."

"मी? काहीतरीच!" वडील.

"रडत होता तुम्ही. भिंतीकडं तोंड करून. मी बघितलं." आणि खाली बघत, "म्हणून मोबाईल काढला. मी बघितलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून."

आईनं तोंडावर पदर धरला. वडील नुसते बसून राहिले. मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्हाला पुस्तक पाठ आहे ना, मग ती अळणी भाजीची गोष्ट सांगा की मला. त्यांना कळेना मी हे आत्ता का विचारतीय, पण सांगायला लागले, की आईनं भाजी केली आणि मीठ घालायचंच विसरली, श्यामचे वडील जेवायला बसले, त्यांनी एक अक्षर काढलं नाही, छान झालीय म्हणून खाल्ली, त्यांचं बघून पोरंही मुकाट्यानं जेवली, आईला वाईट वाटू नये म्हणून... आणि इथं ते थांबले. मुलाकडं बघितलं. मला पुढं काही बोलावंच लागलं नाही.

ज्या पोरानं पुस्तकातलं काही घेतलं नाही म्हणून ते तीन महिने कुढत होते, त्या पोरानं त्या अंगणात नेमकी तीच गोष्ट करून दाखवली होती. फक्त ती मोबाईलच्या आड होती. मला अशा क्षणी फार समाधान वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण खरं काम पुढं होतं. रडू कशाचं होतं? ते हळूहळू आलं. पुस्तक त्यांना त्यांच्या आईनं वाचून दाखवलेलं, तासगावकडच्या घरात, रोज रात्री एक प्रकरण. आणि ती माउली शेवटच्या प्रकरणांपर्यंत कधी गेलीच नाही, श्यामची आई आजारी पडायला लागली की पुस्तक मिटायची आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरू. शेवट यांनी एकट्यानं वाचला, कॉलेजात असताना. आई तीन वर्षांपूर्वी गेली. मयताची सगळी व्यवस्था यांनीच बघितली, दिवस केले, हिशोब केले, डोळ्यातून टिपूस नाही. घरात नंतर तिचा विषय निघाला की बाहेर जायचे. मुलाला एवढंच कळलेलं, की आज्जीबद्दल पप्पांशी बोलायचं नसतं.

मी त्यांना गुरुजींचंच सांगितलं. गुरुजींची आई गेली १९१७ मध्ये, तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते, शिकायला लांब होते. आणि पुस्तक लिहिलं १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ तारखेला सुरू करून १३ ला संपवलं. म्हणजे पंधरा वर्षं आत राहिलेलं पाच दिवसांत बाहेर आलं. तुम्हाला तर तीनच झालीत, म्हटलं. त्यावर ते पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळे रडले आणि या वेळी पोरानं मोबाईल काढला नाही, खुर्ची जरा जवळ सरकवली.

तर आता ज्यांना हाच घोर लागलाय त्यांच्यासाठी. आपल्या लहानपणाच्या पुस्तकाच्या जागी मुलांना जरूर न्या, पण एक लक्षात घ्या, त्या जागेत तुम्हाला जे दिसतं ते तिथं नसतंच. तिथं एक घर असतं, अंगण असतं. बाकीचं तुमच्या आत असतं, आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय पोराला कसं दिसणार? माहिती आपण भरपूर देतो, लेखक कधी जन्मला, पुस्तक कधी लिहिलं, पण हे पुस्तक मला कुणी दिलं, मी कुठं बसून वाचायचो, कुठल्या पानाला रडलो, हे आपण गिळून टाकतो. ते आधी सांगा. जाताना गाडीत सांगितलं तर फारच बरं, कारण तिथं एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही, सगळे समोर रस्त्याकडं बघत असतात, मोठी होत चाललेली मुलं अशा वेळीच ऐकतात आणि बोलतातही. तिथं पोचल्यावर लगेच "कसं वाटलं?" विचारू नका, ती परीक्षा होते. फोटोसाठी हसायला लावू नका. वाटेत त्यालाही त्याच्या आवडीचं एक ठिकाण निवडू द्या, घाट तर घाट, तिथंही तेवढ्याच मनानं थांबा. आणि त्याला ती जागा कंटाळवाणी वाटली तर तसं म्हणायची सोय घरात ठेवा. मोबाईल खाली ठेवायला लावण्याआधी तो कधी वर आला ते एकदा बघा, बऱ्याचदा घरात कुणाचा तरी आवाज चढलेला असतो नाहीतर दाटलेला असतो.

हे कुटुंब शेवटचं भेटायला आलं तेव्हा वडिलांनी सांगितलं, रात्री दोघं पुस्तक वाचायला बसतात. नवव्या का दहाव्या रात्री पोरगा म्हणाला, "पप्पा, खरं सांगू का, मला हे जरा बोअर होतंय. आज्जीचं सांगा की. ती पुस्तक मिटून काय म्हणायची?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मिटलं पुस्तक," ते म्हणाले, "आणि बारा वाजेपर्यंत बोलत बसलो. ही आतून ओरडतीय, उद्या शाळा आहे म्हणून."