निरांजन, हळद आणि काजवे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (सांगली) : कोर्स झाला, कॅमेरा घेतला, पण काय टिपावं ते सुचत नाही. इन्स्टाग्रामवर पाहतो आणि तसंच काढतो. नवं काही कुठून सुचतं?

फोटो पाहून फोटो काढले की नक्कलच होणार. चित्रं पाहा. कॅमेऱ्यात सावली आपोआप येते, चित्रकाराला ती मुद्दाम रंगवावी लागते. त्यामुळे उजेड कुठून आला, कुठे संपला, याचा चोख हिशेब चांगल्या चित्रात सापडतो.

सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ घ्या. हातात दिवा घेतलेली ती बाई. मूळ जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि अजूनही अनेकजण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. त्यात ज्योत हाताआड आहे. बोटांच्या कडा लालसर पेटल्यात आणि सगळा उजेड चेहऱ्यावर आलाय. दिवाळीतल्या आपल्या फोटोंत नेमकं उलटं होतं : उघडी ज्योत पांढरा ठिपका होऊन बसते आणि चेहरा काळवंडतो.

हे घरी करून पाहा. ट्यूबलाइट आणि पंखा बंद. निरांजनात एकाऐवजी तीन-चार फुलवाती लावा, एका वातीचा उजेड पुरत नाही. निरांजन छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून साधारण 30 सेंमीवर. ते 60 सेंमीवर गेलं की उजेड चौथाईच उरतो, म्हणून आधी अंतर सांभाळा, मग सेटिंग. निरांजन पोटाशी धरलं तर हनुवटीखालून उजेड येतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. कॅमेऱ्याच्या बाजूचा तळहात ज्योतीसमोर आडवा. अ‍ॅपर्चर एफ 2, शटर 1/60 सेकंद, आयएसओ 1600 ते 3200. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, 2800 ते 3000 केल्विनवर बांधून टाका. नाहीतर कॅमेरा दिव्याचा सोनेरी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो. मीटरिंग (उजेडाची मोजणी) स्पॉटवर, म्हणजे एकाच ठिपक्यावर : गालावर.

असं एक चित्र निवडून आठवडाभर त्याच्याच मागे लागा. रोज शंभर फोटो स्क्रोल करण्यापेक्षा हातात काहीतरी पडेल.

प्रश्न (जळगाव) : हळदीच्या कार्यक्रमात नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो. फोटोशॉपमध्ये पिवळा कमी केला तर हळदच फिकी पडते.

दोष बहुतेक वेळा हळदीचा नसतो, मांडवाचा असतो. डोक्यावर पिवळं कापड, मागे झेंडूच्या माळा; उजेड त्यातून गाळून येतो आणि गालाच्या सावलीच्या बाजूलाही पिवळा चढतो. हा रंग नंतर निघत नाही, कारण कातडी, हळद आणि उजेड तिन्ही एकाच रंगात मिसळलेले असतात. पाट मांडायच्या आधीच यजमानांशी बोला आणि नवरीला मांडवाच्या कडेला बसवा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. समोर दोन-तीन फुटांवर पांढरी चादर धरली तरी फरक दिसतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स इथेही फसवतो. फ्रेममध्ये पिवळं जास्त दिसलं की तो निळ्याकडे सरकतो, नवरी क्लोज-अपमध्ये एक आणि घोळक्यात दुसरीच दिसते. हळद लावायच्या आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर कस्टम बॅलन्स घ्या आणि जागा बदलेपर्यंत हात लावू नका. ओल्या हळदीवर लाल चॅनल सगळ्यात आधी फाटतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे जातात; म्हणून एक्स्पोजर 1/3 ते 2/3 स्टॉप खाली आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगांचा वेगवेगळा पाहा. फाइल रॉच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

संध्याकाळी हॉलमधल्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद. डीजेच्या एलईडींना मात्र हा हिशेब लागू होईलच असं नाही, तिथे कॅमेऱ्यातल्या अँटी-फ्लिकर सोयीवर भिस्त.

प्रश्न (ठाणे) : भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो काढायचे आहेत. मागच्या वर्षी फक्त काळोख आला.

मे अखेर ते पहिला जोरदार पाऊस, एवढाच मोसम. अंधार पडायच्या आत पोचा. झाड निवडा (हिरडा, बेहडा, सादड्यावर काजवे हमखास असतात), ट्रायपॉड रोवा, दिसतंय तोवर खोडावर फोकस करा, मॅन्युअलवर टाका आणि रिंगला चिकटपट्टी लावा. ही चिकटपट्टी विसरलात की रात्रभराचे फोटो धूसर. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने, आभाळ निळं असताना, झाडाची एक फ्रेम घ्या. हा पाया.

मग ट्रायपॉड न हलवता एफ 2.8, आयएसओ 1600, प्रत्येकी 20 सेकंदांच्या 60 ते 80 फ्रेम. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि अर्धे काजवे हुकतात. घरी सगळ्या फ्रेम पायाच्या फ्रेमवर ‘लायटन’ मोडने (प्रत्येक ठिकाणी उजळ तेच ठेवणारा) चढवा. तुमचा काळोख बहुधा एकाच फ्रेमवर विसंबल्यामुळे आला असावा. एका फ्रेममध्ये ठिपके मोजकेच पडतात.

टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे नकोत. नर चमकून मादीला खुणावतो. झोत पडला की हा संवाद तुटतो. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावरही काळी पट्टी लावा. गवतात शिरू नका, पायाखाली माद्या आणि अळ्या असू शकतात.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर?

नको. गोळ्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, पिठूळ भुकटी लेन्समध्ये जाते. हवाबंद झाकणाचा 15 लिटरचा प्लास्टिक डबा, पाव किलो सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक, झालं. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. 60 च्या वर फार दिवस राहिला की बुरशी धरते. 30 च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवा आणि निवाल्यावरच परत भरा. चामड्याच्या पाउचमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. बुरशी आत दिसलीच तर थांबू नका, ती काचेवरचं कोटिंग खाते.

प्रश्न (बेळगाव) : वारीला जायचंय. कोणती लेन्स नेऊ?

35 एमएम. एकच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या रोलाइफ्लेक्स कॅमेऱ्याला लेन्स बदलायची सोयच नव्हती, आणि वारीत धुळीत उभं राहून लेन्स बदलली की डाग सेन्सरवर घरी येतात. टेली लेन्सने लांबून टिपलेला वारकरी अनोळखीच राहतो. चार पावलं त्याच्याबरोबर चाला, ‘माउली’ म्हणा, मग कॅमेरा वर घ्या. पिशवीत प्लास्टिकची मोठी पिशवी आणि दोन जादा बॅटऱ्या टाका. मुक्कामावर चार्जिंगच्या प्लगला रांग असते.