दात्याच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला निघालीस? मग हे आधी विचारून घे

तुला ओहायोतल्या एका कॉलेजात बी.एस.ला प्रवेश मिळालाय, सोबत कुणा दात्याच्या नावाची वर्षाला तीस हजार डॉलरची स्कॉलरशिप आहे, आणि बाबा म्हणतायत, "ओळख ना पाळख, कुणी एवढे पैसे का देईल? यात काहीतरी गोम असणार." मी स्वतः अशाच स्कॉलरशिपवर इथे शिकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांना सांग, दाता बहुतेक वेळा एकदाच मोठी रक्कम कॉलेजला देऊन टाकतो. कॉलेज ती गुंतवतं आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्केच खर्च करतं. म्हणजे पाच लाख डॉलरच्या निधीतून वर्षाला वीस-पंचवीस हजार निघतात, आणि दाता हयात नसला तरी निघत राहतात. याला एन्डाउड स्कॉलरशिप म्हणतात. काही स्कॉलरशिप मात्र त्या-त्या वर्षीच्या देणगीतून दिल्या जातात. तुझी कुठली, हे विचार.

त्याहून महत्त्वाची मुदत. बाबासाहेबांना सयाजीरावांनी १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढे लंडनला अभ्यास चालू असतानाच तिची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यामुळे स्कॉलरशिपच्या पत्रात चार वर्षं लिहिलंय की फक्त पहिलं वर्ष, हे नीट वाच. नूतनीकरणाला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आणि एखाद्या सेमिस्टरला तो घसरला तर सावरायला संधी मिळते का, हेही विचार. पहिलं सेमिस्टर जड जातंच. पद्धत वेगळी, थंडी वेगळी, जेवण वेगळं.

तू भारतातल्या एखाद्या ट्रस्टकडूनही मदत मिळवणार असशील, तर आणखी एक मेख आहे. बाहेरून पाच हजार आले की काही कॉलेजं आपल्या मदतीतून तेवढेच कापतात. तुझ्या हाती काहीच जास्त पडत नाही. हे मेलवर लेखी विचारून ठेव.

टॅक्सचंही पाहा. ट्यूशन आणि सक्तीच्या पुस्तकांपुरत्या रकमेवर कर नाही, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली स्कॉलरशिप उत्पन्नात धरतात आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांकडून त्यावर सहसा १४ टक्के कापून घेतात. तुझे तीस हजार पूर्ण ट्यूशनमध्येच जिरत असतील, तर ही चिंता नाही.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. या पैशातून वेळ मिळतो. एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, आणि पैशाची ओढाताण असलेली मुलं ते वीसही तास भरतात. मीही पहिल्या वर्षी डायनिंग हॉलच्या भांडी धुण्याच्या खोलीत उभा असायचो. रात्री अकराला सुटायचो, हाताला साबणाचा वास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॅल्क्युलस. दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली तशी मी ती पाळी सोडली आणि एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जायला लागलो. तिथे सुरुवातीला दमडीही मिळत नव्हती. पण त्यांनीच पुढे माझं शिफारसपत्र लिहिलं, आणि माझी पहिली नोकरी त्या कामामुळे लागली. मार्क सुधारले ते वेगळंच. म्हणून घरचा हिशेब मांडताना "वीस तास काम करीनच" असं गृहीत धरू नकोस. दहा तास धर, आणि उरलेले शिकायला, माणसं जोडायला ठेव.

दात्याला आभाराचं पत्र लिहावं लागतं. ते मनापासून लिही. कोणता विषय घेतलास, काय अवघड गेलं, हे त्यांना वाचायचं असतं. माझ्या दात्या निवृत्त शिक्षिका होत्या, दिवंगत पतीच्या नावाने त्यांनी निधी ठेवला होता. वर्षातून एकदा जेवणाला भेटायच्या आणि माझ्या प्रयोगाबद्दल इतकं बारकाईने विचारायच्या, की मी तयारी करून जायचो. पैसे घेतल्याचं ओझं त्यांनी मला कधी वाटू दिलं नाही.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजकडून मिळणारा कागद, काढताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. त्यात स्कॉलरशिपचं पत्र चालतं, म्हणजे बँकेत फक्त उरलेली रक्कम दाखवायची. बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो, तेव्हा हे सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये आजच फायनान्शियल एड ऑफिसला पाठव. उत्तर आलं की बाबांना घेऊन बस आणि चारही वर्षांचा खर्च कागदावर मांड. दरवर्षी फी वाढते, तीही त्यात धर. कुठे अडलीस तर आकडे इथे टाक, मी बघून सांगतो.