पाणी आणि हवामान या विषयांतल्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून गोव्याला खरंच काही मिळतं का?

मिळतं, आणि द्यायलाही आपल्याकडे आहे. तुम्ही विचारलंय की करार होतात, फोटो छापून येतात, पण शेतात काय पोचतं? आमची थोडी खाजन शेती चोडण बेटावर आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली, भरतीच्या पातळीखालची जमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याची दारं असलेली झडप. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तिची लाकडी दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. दारं चौकटीवर बसतानाचा तो 'धप्प' आवाज ऐकला की घरी समजायचं, भरती लागली.

काही वर्षांपूर्वी बांध फुटला. खारं पाणी सोसणारं कोरगुट भातसुद्धा त्यात गेलं. दुरुस्तीला आलेल्या ठेकेदारानं बांध झकास बांधला, पण मानशीची दारं उलटी बसवली. भरतीचं पाणी आत आणि पावसाचं आतच! ती काढून पुन्हा बसवेपर्यंत हंगाम गेला. क्षमता बांधणी, म्हणजे काम जाणणारी माणसं तयार करणं, लागते ती नेमकी इथं.

नेदरलँड्सचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली आहे. तिथली पाणी मंडळं तेराव्या शतकापासून चालत आलीत. लोक कर भरतात, प्रतिनिधी निवडतात, बांध राखतात. आपल्या गांवकरीचा, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचा, बांधांशी असाच संबंध होता. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी नुसते बांध उंच करणं सोडलं आणि काही ठिकाणी ते मागे घेऊन नदीला जागा दिली. समुद्र चढतोय, तेव्हा हे आपण शिकायलाच हवं. भारत आणि नेदरलँड्स यांची पाण्याविषयी धोरणात्मक भागीदारी २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्यातलं काही खाजनापर्यंत यावं असं मला मनापासून वाटतं.

सहकार्यातून टिकाऊ काही उभं राहतं याचा पुरावा दोनापावलला आहे. साठच्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली, आणि त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. मोहीम संपली, पण शिकलेली माणसं आणि प्रयोगशाळा इथं राहिल्या. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तर नॉर्वेच्या हद्दीतल्या 'हिमाद्री' तळावर २००८ पासून काम करतात.

मानशीचं तसं झालेलं नाही. आमची दारं शेवटी नीट बसवली ती सत्तरी ओलांडलेल्या एका मेस्तानं, म्हणजे सुतारानं. पोरांना शिकवाल का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "शिकपाक कोण येता?" उद्या डच अभियंते गोव्यात आले, तर त्यांना ओहोटीच्या वेळी त्याच्याकडे न्या, आणि सोबत आयटीआयची पाच-दहा पोरंही.