सही झाली त्या दिवशी फाईलमध्ये काय होतं?

पत्र : "माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. गणित घेतलंय, बायोलॉजी सोडलंय. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होता. मागच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, खेळणं बंद. आता मैदानावरून जाताना तो गाडीची काच वर करतो. पण डोक्यातून बास्केटबॉल जात नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टीमने जोएल एम्बीड नावाच्या सतत दुखापती होणाऱ्या खेळाडूला कोट्यवधी डॉलर देऊन ठेवलेत, त्यावरून घरात रोज रात्री वाद. आमचे हे सरकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. ह्यांचं म्हणणं, पैसे घेतले आणि घरी बसला, दोष खेळाडूचाच. मुलगा म्हणतो, टीम चालवणारे मूर्ख. ताटातलं वरण गार होतं, पण यांचं संपत नाही. आता मुलगा एका खासगी संस्थेत स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या डिग्रीला जायचं म्हणून हटून बसलाय. तीन वर्षांची फी नऊ लाख. त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते. हे वेड समजायचं की काय समजायचं? — एक आई, नागपूर (नाव छापू नये)"

ताई, नमस्कार.

नाव छापत नाही. पत्र मी एकदा वाचलं आणि वहीचं पान चार वेळा पाहिलं. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे.

तुम्ही पान नीट पाहिलंय का माहीत नाही, म्हणून त्यावर काय आहे ते सांगतो. डावीकडे वर्षं, उजवीकडे एम्बीड किती सामने खेळला त्याचे आकडे. 2014 साली टीमने त्याला घेतलं, तेव्हापासूनचे. पहिली दोन वर्षं शून्य, कारण पायाच्या हाडाचं दुखणं. मग 31, 63, 64, 51, 51, 68, 66, 39 आणि शेवटी 2024-25 च्या मोसमात 19. एका मोसमात साधारण 82 सामने असतात. शेवटच्या 19 च्या वर त्याने लाल पेनने आडवी रेघ मारलीय, शेजारी 20 सप्टेंबर 2024 ही तारीख घातलीय आणि बारीक अक्षरात लिहिलंय, "इथपर्यंतच माहीत होतं."

माझ्यासमोर दर मे-जूनमध्ये शेदोनशे मुलं येऊन बसतात. खेळाचं वेड असलेली त्यात भरपूर. आवडत्या खेळाडूचे आकडे पाठ असलेलीही भरपूर. पण निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, यांच्यामध्ये रेघ मारणारं पोरगं क्वचित भेटतं. मोठी माणसंही मारत नाहीत.

तेव्हा आधी तुमच्या घरातलं भांडण घेऊ, कारण कोर्सचं उत्तर त्यातूनच निघणार आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एम्बीड हा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, 2023 चा सर्वोत्तम खेळाडू. पुढच्या मोसमात, जानेवारी 2024 मध्ये, त्याने एका सामन्यात 70 गुण केले. आठवड्याभराने, गुडघा आधीच कुरकुरत असताना तो गोल्डन स्टेट टीमविरुद्ध उतरला, चेंडूच्या झटापटीत समोरचा खेळाडू पायावर पडला आणि डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, गेला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये परत आला, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, एका सामन्यात 50 गुण केले, उन्हाळ्यात पॅरिसला अमेरिकेकडून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. आणि सप्टेंबरमध्ये टीमने त्याचा करार तीन वर्षांनी वाढवला. रक्कम सुमारे 19.3 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 1,600 कोटी रुपयांच्या घरात, मुदत 2028-29 पर्यंत. त्यानंतरच्या मोसमात तो 19 सामने खेळला, फेब्रुवारी 2025 मध्ये गुडघ्यापायी मोसम संपला आणि टीम 82 पैकी 58 सामने हरली.

आता दोष कोणाचा?

तुमच्या मिस्टरांचं 'पैसे घेतले आणि घरी बसला' हे मला पटत नाही, त्यांना तसं सांगा. पगारवाढीचं पत्र टेबलावर आलं तर त्यांच्या शाखेतलं कोणीही 'मला मणक्याचा त्रास आहे, नको' म्हणून ते परत करणार नाही. शिवाय खेळाडू दुखणं लपवून खेळतो तेव्हा आपणच टाळ्या वाजवतो. माझाच किस्सा सांगतो. शाळेच्या आंतरशालेय सामन्यात माझा घोटा सुजून टम्म झाला होता. सरांनी एवढंच विचारलं, "खेळशील ना?" मी म्हटलं, "हो सर." दुसरं उत्तर असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे दीड महिना मी लंगडत होतो आणि घरी बोलणी बसली ती मलाच. एनबीएने तर 2023-24 पासून नियमच केला की किमान 65 सामने खेळल्याशिवाय सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळणार नाही. म्हणजे 'खेळशील ना?' हा प्रश्न आता नियमावलीतच आला. एम्बीड त्या सामन्यात का उतरला याचं एकच कारण कोणी सांगू नये, पण हा दबावही त्यात असावा, असं मला वाटतं.

पण मुलाचं 'मूर्ख' हेही मला पुरेसं वाटत नाही. सही झाली तेव्हा टीमच्या बास्केटबॉल विभागाचा प्रमुख होता डॅरिल मोरी. हा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून एमबीए झालेला, खेळातल्या आकडेवारीची जगातली सर्वात गाजलेली परिषद सुरू करणाऱ्यांपैकी एक. वहीतले आकडे त्याच्याकडे नव्हते असं कोण म्हणेल? शिवाय याच टीमने 2017 मध्ये एम्बीडला पाच वर्षांचा, सुमारे 14.8 कोटी डॉलरचा करार दिला, तेव्हा त्यात कलमं घातली होती. पावलं आणि पाठ यांच्या ठरावीक जुन्या दुखण्यांमुळे तो बराच काळ बाहेर राहिला, तर टीमला कमी पैशांत करार मोडता यावा, अशी ती कलमं होती. तोवर तीन वर्षांत तो अवघे 31 सामने खेळला होता. जोखीम ओळखून, कागदावर उतरवून, मग सही. मला तो करार फार सुंदर वाटतो. (कराराला सुंदर म्हटलेलं पाहून तुम्हाला हसू येईल. तुमच्या मिस्टरांना येणार नाही.)

आणि पुढे गेला तो गुडघा.

म्हणून माझं मत विचाराल तर, टीम चुकली ती रकमेत कमी आणि घाईत जास्त. 2024 च्या सप्टेंबरमध्ये आधीच्या, 2021 साली झालेल्या करारातले दोन मोसम पक्के शिल्लक होते, तिसरा खेळाडूच्या मर्जीवर होता. ऑपरेशन होऊन सात-आठ महिनेच झाले होते. एक मोसम थांबून गुडघा पाहता आला असता. टीमच्या बाजूनेही बोलता येतं. त्याच उन्हाळ्यात पॉल जॉर्ज या दुसऱ्या नामवंत खेळाडूला मोठ्या रकमेवर आणलेलं, मुख्य खेळाडू नाराज होऊन 'मला दुसरीकडे पाठवा' म्हणाला तर सगळा डाव फिसकटणार. ही भीती खोटी नव्हती. तरी मी थांबलो असतो. तुमचा मुलगा कदाचित म्हणेल, थांबायला नको होतं, कलमं घालायला हवी होती. त्याने तसं म्हणावं आणि कोणती कलमं तेही लिहावं.

आता तुमच्या मिस्टरांकडे येतो. कर्ज विभागात आहेत म्हणजे थकीत खात्याची चौकशी त्यांनी जवळून पाहिलेली असणार. खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं की 'स्टाफ अकाउंटेबिलिटी'चं, म्हणजे कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी तपासण्याचं, प्रकरण उभं राहतं. तिथे पहिला प्रश्न 'कर्ज बुडालं का' हा नसतो, ते बुडालेलंच असतं. पहिला प्रश्न असतो, मंजुरीच्या दिवशी फाईलमध्ये काय होतं? तारणाचं व्हॅल्युएशन होतं का, जागेवर जाऊन पाहणी केली होती का, विमा उतरवला होता का. सगळं नीट असूनही धंदा बसला तर अधिकारी सुटतो. कागद अपुरे असतील तर खातं वसूल होऊनही त्याच्यावर ठपका येऊ शकतो. हे ते रोज ऑफिसात करतात आणि रात्री जेवताना मात्र एम्बीडवर थेट वसुलीची नोटीस काढतात! आणि मुलाने वहीत लाल रेघ मारून जे केलंय ते वडिलांचंच काम आहे, फक्त बँक फिलाडेल्फियाची आहे. दोघांपैकी कोणाच्याच हे लक्षात आलेलं दिसत नाही. तुम्ही आणून द्या.

विम्यावरून आठवलं. 2010 साली न्यूयॉर्क निक्स या टीमने अमारे स्टॉडमायर या खेळाडूला पाच वर्षांसाठी जवळपास 10 कोटी डॉलर दिले. त्याच्या गुडघ्यांचा इतिहास असा होता की विमा कंपन्या हात लावायला तयार नव्हत्या. जुनी टीम फिनिक्स पूर्ण रकमेची हमी द्यायला राजी नव्हती. निक्सने दिली. पहिल्या वर्षी तो 78 सामने खेळला, सामन्यामागे 25 गुण केले, अख्खं न्यूयॉर्क खूश झालं. पुढे शरीराने साथ सोडली आणि फेब्रुवारी 2015 मध्ये तडजोड करून त्याला मोकळं केलं. यावर मुलाकडून एक पान लिहून घ्या. अट एकच, जुलै 2010 नंतरची कुठलीही गोष्ट त्यात यायला नको. मग दुसरं पान, सगळं कळल्यानंतरचं. दोन पानांत निकाल बदलला तर का बदलला, ते तिसऱ्या पानावर. हे जमलं तर फक्त टीव्हीवर सामने पाहणाऱ्यांच्या तो बराच पुढे आहे असं समजा.

आता कोर्स.

नऊ लाखांची ती डिग्री बारावीनंतर लगेच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पोर्ट्स मॅनेजमेंट वाईट नाही, त्यातून चांगली कामं करणारी मुलं मी पाहिलीत. पण त्या वयात तिथे जे शिकवलं जातं ते प्रामुख्याने स्पर्धांचं आयोजन, प्रायोजक, मार्केटिंग. तुमच्या मुलाची वही त्यातल्या कशाबद्दलच नाही. तरी जायचंच ठरवलंत, तर मागच्या बॅचच्या पाच मुलांना स्वतः फोन करा आणि 'प्लेसमेंट' म्हणजे नेमकं काय मिळालं ते विचारा. एका मुलीने मला सांगितलं होतं, तिची प्लेसमेंट म्हणजे तीन महिने स्टेडियमच्या गेटवर पास तपासणं.

त्याच्यासाठी मला सरळ रस्ता दिसतो तो बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचा. नागपुरात, पुण्यात, मुंबईत चांगल्या कॉलेजात, खासगी संस्थेच्या फीच्या तुलनेत किरकोळ खर्चात होतं. सोबत प्रोग्रॅमिंग. आकडेवारी पक्की झाली की खेळ हे एक दार आहे, विमा दुसरं, बँकेचं जोखीम व्यवस्थापन तिसरं. (तिसरं ऐकून घरात हास्याचा स्फोट होईल, होऊ द्या.) स्पोर्ट्स मॅनेजमेंट नंतर पदव्युत्तर करता येतं, तेव्हा हातात कौशल्य असतं आणि तिथले लोकही वेगळ्या नजरेने बघतात.

दुसरा रस्ता कायद्याचा. आकड्यांपेक्षा त्या 2017 च्या कलमांत त्याचा जीव जास्त रमत असेल, तर पाच वर्षांचा लॉ पाहा. प्रवेशासाठी देशपातळीवरची क्लॅट परीक्षा आहे, राज्याची लॉ सीईटी आहे, नागपुरातच राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. खेळाडूंचे एजंट कमिशनवर चालतात. एनबीएत खेळाडूच्या करारावर एजंटला जास्तीत जास्त 4 टक्के घेता येतात आणि त्यासाठी खेळाडूंच्या संघटनेची परीक्षा द्यावी लागते. भारतात मात्र हा धंदा अजून बराचसा क्रिकेटभोवतीच फिरतो, हे आधीच सांगून ठेवतो. फिजिओथेरपीला बायोलॉजी आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागते, तो विषय त्याच्यापुरता मिटलाय.

आणि एक काम यंदाच. त्याच्या जुन्या टीमचे सामने होतील तेव्हा त्याला बाकावर बसवा, हातात वही द्या. कोण किती मिनिटं खेळलं, कोण लंगडत बाहेर आलं, कोणाला पुन्हा आत पाठवलं, कोणी पाठवलं. जिल्हा पातळीवर हे कोणी लिहून ठेवत नाही. खेळ सुटल्यावर मुलं मैदानाकडे पाठ फिरवतात, मी पाहिलंय. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "आता मैदानावरून जाताना तो गाडीची काच वर करतो." मला त्या वाक्याची काळजी जास्त वाटली, डिग्रीची कमी. वही घेऊन का होईना, त्याला तिथे परत जाऊ द्या. पहिल्या दिवशी वडील सोबत गेले तर उत्तम.

जाता जाता, वहीत एक चूक आहे. 2019-20 आणि 2020-21 या दोन्ही वर्षी त्याने 51 ला 82 ने भागून 62 टक्के काढलेत. कोविडमुळे तेव्हा मोसम छोटे झाले होते, फिलाडेल्फिया पहिल्या वर्षी 73 आणि दुसऱ्या वर्षी 72 सामने खेळली. म्हणजे हजेरी 70 टक्क्यांच्या आसपास येते आणि एम्बीडची बाजू जरा बरी दिसते. त्याला दुरुस्त करायला सांगा. वडिलांना सांगण्याआधी.