२०२० च्या लॉकडाउनमध्ये स्थलांतरित मजूर सरकारवर एवढे का संतापले होते?

कारण निर्णय घेताना त्यांचा कुणी विचारच केला नव्हता. २४ मार्चला रात्री ८ वाजता घोषणा आणि १२ पासून देश बंद. हातावर पोट असलेल्यानं ४ तासांत काय करायचं? काम गेलं, खोलीचं भाडं मात्र सुरूच. श्रमिक रेल्वे सुटायला १ मे उजाडला. तोवर कितीतरी लोक पायी निघाले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडे निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले. रुळांत विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो आठवले की आजही जीव कासावीस होतो. आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं संसदेत काय सांगितलं, तर घरी परतताना किती मजूर दगावले याची नोंदच नाही! मग लोक संतापणार नाहीत तर काय?