शिशाच्या पेटीत युरेनियम आहे की लोखंड, म्युऑनने ओळखता येतं का?

दोन सिंटिलेटर पट्ट्या (कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक), एक पेटीच्या वर आणि एक खाली, आणि नुसते म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे हवेत तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणारे सूक्ष्म कण) मोजायचे, असा तुमचा प्लॅन दिसतोय. तेवढ्याने नाही कळणार. 10 सेंटिमीटर शिशातून जाताना म्युऑनची जेमतेम 0.15 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा खर्च होते आणि जमिनीवर येणाऱ्यांची सरासरीच 3-4 जीईव्ही, म्हणजे बहुतेक सगळे आरपार जातात, काउंटमध्ये फरक पडतो तो किरकोळ. मोजणीवाली पद्धत डोंगर नाहीतर पिरॅमिडसाठी, 2017 साली खुफूच्या पिरॅमिडमधली कमीत कमी 30 मीटर लांबीची पोकळी सापडली ती अशीच.

तुम्हाला बघायचंय ते म्युऑन किती वळला. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेवाल्यांनी 2003 मध्ये हेच करून दाखवलं: वर डिटेक्टरचे काही थर, खाली काही थर, प्रत्येक म्युऑनची आत शिरतानाची आणि बाहेर पडतानाची दिशा घ्यायची. 3 जीईव्हीचा म्युऑन 10 सेंटिमीटर लोखंडात साधारण 11-12 मिलीरेडियन (कोनाचं एकक, रेडियनचा हजारावा भाग) वळतो, शिशात 21 च्या आसपास, युरेनियममध्ये 28-29. पण हे आकडे म्हणजे नुसता पसारा आहे हां, म्हणजे वळण साधारण किती पसरतं ते, एकेकटा म्युऑन कुठेही जाऊ शकतो, त्यामुळे एकावरून काही ठरवायचं नाही. आणि खरी डोकेदुखी पुढेच आहे, 1 जीईव्हीवाला तिप्पट वळतो, म्हणजे लोखंडातून गेलेला मंद म्युऑन युरेनियमची हुबेहूब नक्कल करतो. म्हणून संवेगाचा (म्युऑन किती वेगवान, किती मंद याचा) थोडाफार तरी अंदाज हवा, नाहीतर भरपूर म्युऑन जमवून वळणाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, सरासरी काढू नका, दोन-चार मंद म्युऑन तिची पार वाट लावतात.

वेळेचं म्हणाल तर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन, तोही वरून. आडवे फार कमी येतात. जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त पहिल्या अणुभट्टीत 2015 ला इंधन जागेवर उरलं नाहीये हे म्युऑननेच दिसलं, पण डिटेक्टर इमारतीच्या बाहेर बाजूला ठेवावे लागले आणि काम काही महिने चाललं. तुमच्याकडे वर-खाली जागा असेल तर नशीबवान आहात, आडवं मांडू नका.

पट्ट्या ट्रिगरला, म्हणजे म्युऑन आला की नोंद सुरू करायला, वापरा, वाया जाणार नाहीत. दिशेसाठी ड्रिफ्ट ट्यूब घ्या (वायू भरलेल्या बारीक नळ्या, कण नेमका कुठून गेला ते सांगतात). 10 मिलीरेडियन म्हणजे अर्ध्या मीटरवर 5 मिलिमीटर, तळहाताएवढ्या रुंद पट्टीत ते कधीच दिसणार नाही. आणि पेटीला हात लावण्याआधी रिकाम्या सेटअपचा रन घ्या, डिटेक्टरची स्वतःची चूक किती मिलीरेडियनची आहे ते कळल्याशिवाय पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार?