बारशासाठी केक ट्रफल्स: पहिल्यांदाच करतेस तर

अगं, केक ट्रफल्स म्हणजे केकच्या चुऱ्याचे गोळे, वरून चॉकलेटचं कोटिंग. बिनधास्त कर, जमेल तुला. कोटिंगला सुरुवातीला कंपाउंड चॉकलेटच (कोको बटरऐवजी वनस्पती तेल असलेलं) घे. त्याला टेम्परिंग, म्हणजे चमक यावी म्हणून ठरावीक तापमानाला वितळवून गार करणं, लागत नाही.

बहुतेकांचं चुकतं ते गनाशमध्ये (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट). केकच्या चुऱ्यात ते चमचा-चमचा घाल आणि लाडूसारखी मूठ वळली की थांब. तळहात तेलकट झाला तर जास्त पडलं, थोडा चुरा वाढव.

– गोळे फ्रीजमध्ये अर्धा तास ठेव, फ्रीजरमध्ये नको. फार गार गोळ्यावरचं कोटिंग हमखास तडकतं.
– वाटी-चमचा कोरडे ठणठणीत हवेत. पाण्याच्या थेंबानंही चॉकलेट घट्ट, रवाळ होतं. म्हणून ते वितळवायला मी मायक्रोवेव्हच वापरते, दर 30 सेकंदांनी ढवळत.

गोळा वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडव, काट्यावर उचलून काटा वाटीच्या कडेवर हलकेच आपट, जादा चॉकलेट निथळतं. पिस्त्याचे काप लगेच लाव. नक्षीकाम पुढच्या वेळी, आधी 20 गोळे करून बघ.